डब्यावरचे ६४००

भाऊ, नमस्कार.

घरातल्या जुन्या निगेटिव्ह स्कॅनरवर घालण्यापेक्षा कॅमेऱ्यानं टिपा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही वणीहून लिहिलंत : ‘एप्सन व्ही६०० या फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरच्या डब्यावर ६४०० डीपीआय छापलं आहे, धूळ काढायची सोय आहे, तरी तुम्ही म्हणता घेऊ नका. वरून प्रिंटरही घेऊ नका. मग खेड्यातल्या माणसानं लाखाचा कॅमेरा घ्यायचा काय?’ तिखट आहे, पण रास्त आहे. एके ठिकाणी तर चूक माझीच आहे. तिच्याकडे येतोच.

६४०० हा आकडा खोटा नाही, सेन्सर इंचाला तेवढे ठिपके मोजतो. पण आतली लेन्स तेवढा बारकावा त्याच्यापर्यंत पोचवत नाही. हाती लागतो साधारण १६००चा तपशील, बाकी नुसती फाइल फुगते. ३५ मिमी फिल्मची फ्रेम ३६ मिमी लांब, म्हणजे जेमतेम १.४ इंच. १६००नं गुणलं की सव्वादोन हजार पिक्सेल, आणि ३०० डीपीआयनं छापलं की साडेसात इंच. ५ बाय ७ झकास येईल. आजीचा फोटो मोठा करून बैठकीत लावायचा तर नाही. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा त्याच फ्रेमचे लांबीत ६००० पिक्सेल देतो. कडा कापल्या तरी १८ इंच निघतात.

धूळ काढायची सोय इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणावर चालते. रंगीत निगेटिव्हमधून तो किरण आरपार जातो, धुळीवर अडतो. कृष्णधवल फिल्ममध्ये मात्र चित्रच चांदीच्या कणांचं, तेही किरण अडवतात, त्यामुळे मशीनला आजी आणि कचरा सारखेच. म्हणून ब्लोअर आणि मऊ ब्रश. आणि घरात कापूस रचलेला असताना हे काम काढूच नका. मी एकदा काढलं होतं. निगेटिव्हवरचा तंतू पॉझिटिव्हमध्ये पांढरा उमटतो. काकांच्या काळ्या कोटावर जणू सरकी सांडली होती.

कॅमेरा विकत घ्या असं मी म्हटलं नव्हतं, पण ते स्पष्ट लिहायला हवं होतं. आता गावोगावी लग्नाचे फोटो काढणारी पोरं आहेत, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा त्यांच्याकडे असतोच. चातुर्मासात तो खुंटीला असतो, धूळही बसलेली असते. दोन दिवस भाड्यानं मागा. अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स नसेल तर एक्स्टेन्शन ट्यूबवर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळीवर भागतं. माझा स्टँड म्हणजे बंद पडलेल्या स्टुडिओतला जुना एन्लार्जर, निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र : डोकं काढलं, दांड्यावर कॅमेरा बसवला, खाली एलईडी लाइट पॅनल. सरळ बसला का हे पाहायला पॅनलवर छोटा आरसा ठेवायचा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर स्क्रीनच्या मध्यावर आलं की कॅमेरा आणि निगेटिव्ह समांतर. स्पिरिट लेव्हलपेक्षा मला हाच भरवशाचा वाटतो.

प्रिंटरबद्दल मात्र मी ठाम आहे. पिगमेंट शाईचा प्रिंटर आठवड्यातून एकदा तरी चालवावा लागतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात माझा महिनाभर बंद राहिला, शाई सोडणारं हेड चोंदलं, आणि साफ करण्यातच महागाची शाई संपली. त्यापेक्षा फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत ठेवा, नागपूरला लॅबमध्ये खऱ्या फोटोपेपरवर छापून घ्या आणि ‘ऑटो करेक्शन नको’ असं बजावून सांगा. ३५ मिमीला ८ बाय १२ मागा. ८ बाय १० मागितलात तर कडेचा मामा कापला जाईल.

आता माझी चूक. तो सगळा लेख मी ३५ मिमी डोळ्यापुढे ठेवून लिहिला. आगफा क्लिक थ्री किंवा स्टुडिओतल्या याशिका कॅमेऱ्याची, १२० या रुंद फिल्मवरची चौकोनी निगेटिव्ह सुमारे ५६ मिमीची असते. तिथे तेच १६०० साडेतीन हजार पिक्सेल देतात, पावणेबारा इंचांचा फोटो होतो. एवढ्याला फ्लॅटबेड उत्तम.

तुमच्याकडचे रोल कोणते ते तुम्ही लिहिलंच नाही. बटर पेपरमधून एक काढा, कडेला धरून, आणि पट्टी लावा. चौकोनी आणि ५६च्या आसपास भरली तर तुमचा स्कॅनर खुशाल घ्या, माझं ‘घेऊ नका’ मी मागे घेतो.