नऊ विजय कमी वाटतात?

लेखात म्हटलंय की अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेज फुटबॉल प्रोग्रामने (म्हणजे विद्यापीठाच्या टीमने) दरवर्षी प्लेऑफ, म्हणजे चॅम्पियन ठरवणारी सीझनअखेरची बाद फेरी, गाठलाच पाहिजे, नाहीतर कोच बदला. अहो, नेब्रास्का विद्यापीठाच्या टीमकडे बघा जरा! टॉम ऑस्बोर्न 1973 ते 1997 अशी 25 वर्षं हेड कोच, एकाही सीझनला नऊपेक्षा कमी विजय नाहीत, आणि तरी पहिली नॅशनल चॅम्पियनशिप मिळाली 1994 ला, म्हणजे बाविसाव्या सीझनला. आजच्या फॅन्सनी त्यांना कधीच घरी पाठवलं असतं.

पुढे 2003 मध्ये त्यांच्यानंतरचा कोच सॉलिच याला 9-3 (9 विजय, 3 पराभव) असताना काढलं, मग पुढे कोच झालेल्या पेलिनीने सलग सात सीझन किमान नऊ मॅच जिंकल्या, 2014 ला त्यालाही नारळ दिला, का तर मोठ्या मॅच हरतो (आणि तोंडाळ होता हेही खरंच). मिळालं काय? 2017 ते 2023 सलग सात लूझिंग सीझन, एक बोल गेम (पुरेसे विजय मिळवणाऱ्या टीमना सीझननंतर मिळणारी मानाची मॅच) नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

त्यात नेब्रास्का राज्याची लोकसंख्या जेमतेम 20 लाख, घरचे खेळाडू मोजकेच, पूर्वी टेक्सासमधून पोरं यायची, पण टीम बिग टेन या दुसऱ्या लीगमध्ये गेल्यावर तेही अवघड झालं, आता वर ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंना कॉलेज बदलायची सोय) आणि एनआयएलचा (खेळाडूंना स्वतःच्या नाव-प्रतिमेवर मिळणारा) पैसा. माझ्या मते अशा टीमकडून आठ-नऊ विजय आणि चार-पाच वर्षांतून एकदा प्लेऑफ, एवढं धरा.

आणि अलाबामा टीमचे फॅन्स हो, तुमच्या आधीच्या कोच सेबनने 17 सीझनमध्ये सहा टायटल दिली म्हणून त्याच्यानंतर आलेल्या डीबोअरच्या पहिल्याच सीझनच्या 9-4 वर केवढी बोंबाबोंब केलीत!