निर्धन होण्याची पूर्वतयारी

अपघात, अर्धांगवायू, हार्ट अटॅक, यांपैकी जे काही तुमच्या मनात असेल ते निदान तीन आठवडे पुढे ढकला. आधी सेतू केंद्रात जा आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाका. लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे दाखला १५ दिवसांत मिळतो. वरचा आठवडा मी सर्व्हर डाऊनसाठी धरलाय.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आपल्याकडे धर्मादाय रुग्णालयं आहेत म्हणून. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे त्यांच्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. शिवाय एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. म्हणजे डिलक्स रूममध्ये गुडघा बदलून घेणाऱ्या साहेबांच्या बिलातूनही चार पैसे तुमच्यासाठी बाजूला पडतात. हे साहेबांना ठाऊक नसतं आणि तुम्हालाही नसतं, त्यामुळे दोघांचे संबंध चांगले राहतात.

आता आपली गरिबी मोजून घ्या. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर तुम्ही निर्धन. महिन्याला १५,००० पडतात. आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना १५,५०० मिळतात. म्हणजे ते निर्धन नाहीत, ‘दुर्बल घटक’ आहेत. त्यांची मर्यादा ३ लाख ६० हजार, पण त्यांना औषधं, इम्प्लांट वगैरेंचं निदान निम्मं बिल भरावं लागतं. मी काकांना सुचवलं, सेक्रेटरींना सांगून पगार पाचशेने कमी करून घ्या. सेक्रेटरी लगेच तयार झाले. इतक्या तत्परतेने त्यांनी आजवर पाण्याची टाकीसुद्धा धुऊन घेतलेली नाही.

दाखल्याऐवजी पिवळं रेशनकार्ड असेल तर उत्तमच. फक्त त्याची पारंपरिक अट लक्षात ठेवा: उत्पन्न १५,००० च्या आत, आणि तेही वर्षाला. महिन्याला १५,००० वाला निर्धन आणि वर्षाला १५,००० वाला पिवळा, असे दोन गरीब सरकारदरबारी शेजारीशेजारी नांदतात. वर्षाला १५,००० मध्ये माणूस जगतो कसा, ते मात्र विचारू नका. आमच्या गावात पिवळं कार्ड असलेले दोघे बुलेटवरून रेशनला येतात, त्यांना विचारा.

कागद झाले की पेहराव. फार टापटीप राहू नका, कारण संशय येतो. फार फाटकेही जाऊ नका, गेटवरच अडवतील. मोबाईल खिशातून काढूच नका. वॉचमनकाकांच्या मिसेसना पोटाच्या ऑपरेशनसाठी नेलं तेव्हा मी बरोबर होतो. समाजसेवा विभागातल्या मॅडमनी दाखला पाहिला, केशरी कार्ड उलटंपालटं केलं, आणि मग टेबलावरच्या फोनकडे बघून विचारलं, “हा तुमचाच का?”

“मुलाचा जुना आहे, मॅडम. काच फुटलीय.”

“टचस्क्रीन आहे पण.”

काकांनी फोन उचलून शर्टाच्या आत ठेवला, जणू चोरीचा होता. मॅडमवर माझा राग नाही हो. खिडकीबाहेर चाळीस माणसं आणि आत त्या एकट्या, डबासुद्धा उघडा तसाच पडलेला. इतक्या गरिबांतून खरा गरीब निवडायचा तर काहीतरी खूण लागणारच.

मोफत खाटांचा फलक कुठे असतो, हेही शिकून घ्या. लॉबीत गणपती असेल तर त्याच्या मागे, नसेल तर मनीप्लांटच्या मागे. पानं बाजूला केली की ‘निर्धन रुग्णांसाठी राखीव’ एवढं वाचता येतं. पुढचा आकडा वाचायला माळ्याला बोलवावं लागतं. खाटा रिकाम्या आहेत का, ते धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवरही बघता येतं. तिथे सहा रिकाम्या दिसल्या तर हुरळून जाऊ नका. काउंटरवर “फुल आहे” असं ऐकलंत की दोन्ही खरं माना. खाट रिकामी असते, यादी भरलेली असते.

आणि इमर्जन्सी? तिथे तर तुमची चैनच. नियम स्पष्ट आहे, तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं आणि डिपॉझिट मागायचं नाही. म्हणून कोणी डिपॉझिट मागतच नाही. “अॅडव्हान्स भरून घ्या” म्हणतात. अशा वेळी छातीत कळ आली असली तरी शांतपणे २००६ च्या योजनेचा हवाला द्यावा, धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करतो म्हणावं आणि समोरच्याचं नाव विचारून कागदावर लिहून घ्यावं. नाव विचारलं की खाट सापडते, हा माझा अनुभव आहे. पेन मात्र घरून न्या. तिथलं दोरीला बांधलेलं असतं आणि त्यात शाई नसते.

काकूंचं ऑपरेशन झालं, सवलतीत झालं आणि चांगलं झालं. डॉक्टर देवमाणूस निघाले. फाइल बंद करताना मॅडमनी दाखला परत देत बजावलं, “याची मुदत ३१ मार्चपर्यंतच आहे हं.”

काका आता रोज विचारतात, हर्नियाचं मार्चच्या आत उरकून घेऊ का?