तारीख आम्ही भरली आहे, तुम्ही फक्त सबमिट करा

माजी विद्यार्थी संघाचं सचिवपद तुमच्या गळ्यात पडलं आहे, शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त ऑनलाइन सर्वेक्षण करायचं ठरलं आहे आणि गूगल फॉर्म बनवता येणारे कार्यकारिणीत तुम्ही एकटेच आहात. अभिनंदन! आता एकच पथ्य पाळा: लोकांना काही विचारू नका. विचारलं की माणूस आठवायला लागतो, आणि आठवता आठवता फॉर्म अर्धा टाकून गुड मॉर्निंगचे फोटो बघायला निघून जातो. त्यापेक्षा उत्तरं आपणच भरून पाठवावीत.

सोय आहे. फॉर्मच्या तीन टिंबांच्या मेनूत प्रीफिल्ड लिंक मिळते. तिच्यात बरोबरच्या (=) चिन्हापुढे जे लिहाल ते समोरच्याच्या फॉर्मवर आधीच भरलेलं दिसतं. गूगल शीटमध्ये हजार माजी विद्यार्थ्यांची यादी घ्या, प्रत्येकाची वेगळी लिंक करा आणि 'प्रिय अमुकराव, खास आपल्यासाठी' म्हणून धाडून द्या. सुरुवात जन्मतारखेपासून करा. ती शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहेच.

रजिस्टर उघडल्यावर निम्मी शाळा १ जूनला जन्मलेली दिसेल. दचकू नका. प्रीफिलचा शोध गूगलने लावलेला नाही, तो आपल्या गुरुजींनी लावला. शाळा जूनमध्ये उघडायची, पहिलीला वय पुरं लागायचं, आणि आई सांगायची, "कोयनेचा भूकंप झाला तवा ह्यो पोटात हुता." भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, त्याआधीची रात्र आणि नंतरचे धक्के त्या माउलीला तासागणिक पाठ. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि दाखल्यावर लिहिलं: १ जून १९६७. मुलगा भूकंपाच्या आधीच सहा महिन्यांचा झाला. तीच तारीख दाखल्यावरून नोकरीत गेली, नोकरीतून पेन्शनीत, आणि आता तुमच्या लिंकमधून पुन्हा त्याच्याच मोबाइलवर येणार आहे, 'कृपया तपासून घ्या' या विनंतीसह. तो काय तपासणार? त्याला दुसरी तारीख कुणी कधी दिलीच नाही. (१ जून जिची खरोखरची आहे अशी माझ्या माहितीत फक्त एसटी. १९४८ साली याच दिवशी पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली.)

आता लिंकमध्ये तारीख कशी घालायची? फॉर्मला ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा, अशी लागते. या क्रमाचं आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून आहे, पण आपल्या कार्यकारिणीत तसा ठराव झालेला नसल्याने तुमच्यावर बंधन नाही. तुम्ही सरळ लिंकचा मजकूर आणि तारखेची चौकट एकमेकांना जोडून टाका. शीटच्या पोटात तारीख म्हणजे नुसता दिवसांचा आकडा असतो, त्यामुळे लिंकमध्ये १ जून १९६७ऐवजी २४६२४ जाईल. टेक्स्टचं सूत्र वापरून तारखेला आधी नीट रूप द्यायचं असतं, असं तुमचा भाचा सांगेल. भाच्याला वार्षिक सभेत पाणी वाटायला ठेवा.

शीटचं लोकेल, म्हणजे तारखा कोणत्या देशाच्या रीतीने वाचायच्या ती सेटिंग, अमेरिकेचं असेल तर ते मुळीच बदलू नका. रजिस्टरवरून उतरवलेलं ०१/०६ तिथे ६ जानेवारी होतं. तुमचे सगळे जूनकर एका फटक्यात पत्रकार दिनी जन्मतील, 'दर्पण' १८३२ साली निघाला त्याच तारखेला. मात्र ज्याची जन्मतारीख २५ जून आहे, त्याचं काय? पंचविसावा महिना अमेरिकेतही नसल्यामुळे त्याची चौकट बिघडून नुसता मजकूर होऊन बसते. म्हणजे खरी चूक गुपचूप पुढे सरकते आणि बरोबर लिहिलेली नोंद तेवढी अडते. सरकारी कार्यालयात वावरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

शीटला जोडलेला छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, लिहून तारीख फिरवणार असाल तर आणखी मजा. आपल्याकडची मध्यरात्र ही ग्रिनिचकडची आदल्या संध्याकाळची साडेसहाची वेळ. आयएसओत रूपांतर करणारी जी तयार आज्ञा सगळे एकमेकांचं बघून चिकटवतात, ती तारीख ग्रिनिचच्या घड्याळाने छापते. १ जूनचे लोक त्यामुळे ३१ मेला जन्मतात, थेट अहिल्यादेवींच्या जयंतीला. आणि ज्यांच्या जन्मतारखेची चौकट रिकामी आहे त्यांना गूगलचं शीट ३० डिसेंबर १८९९ ही तारीख बहाल करतं, कारण त्याची दिवसांची मोजणी तिथल्या शून्यापासून सुरू होते. टिळक 'केसरी'त अग्रलेख लिहीत होते तेव्हा पाळण्यात असलेले काही माजी विद्यार्थी तुमच्या संघाला लाभतील. शाळा तेव्हा नव्हती, ही किरकोळ बाब आहे.

लिंकमध्ये जन्मतारखेबरोबर पूर्ण नावही घाला. ई-आधारची पीडीएफ नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष घातलं की उघडते, त्यामुळे दोन्ही एकाच ओळीत मिळाली तर कुणाचीच धावपळ होणार नाही. नाव-तारखेऐवजी अंदाज बांधता येणार नाही असा आडवातिडवा कोड द्यावा आणि माहिती आपल्यापाशी ठेवावी, असं काही संशयी लोक सुचवतात. त्यांच्या समाधानासाठी कोड द्या, पण १०१, १०२, १०३ असे ओळीने द्या. शेवटचा आकडा बदलून प्रत्येकाला बाकावरच्या जुन्या सोबत्याचा फॉर्म भरून टाकता येईल. संघाचं ध्येय स्नेहवर्धन हेच तर आहे.

खास एकट्यासाठी पाठवलेली लिंक दहावी 'ब'च्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात जाईल, 'सर्वांनी भरा' या शेऱ्यासह. मग एकट्या अमुकरावांचे बत्तीस फॉर्म येतील, सगळ्यांची जन्मतारीख एक, गुडघेदुखी मात्र निरनिराळी. प्रतिसाद उत्तम म्हणून नोंदवा.

राहिली संमती. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी असं म्हटलं आहे. ही सगळी दगदग म्हाताऱ्या माणसांना कशाला? 'मी वरील सर्व वाचले आहे' या चौकटीतली खूण आणि सहीची तारीख, दोन्ही लिंकमधूनच भरून द्या. तारीख निमंत्रण निघायच्या आदल्या आठवड्यातली घाला. लिंक उघडण्यापूर्वीच माणूस राजी होता, याहून मोकळी संमती कोणती?

फॉर्म परत आले की तुमच्याच तारखा तुम्हाला परत मिळतील, आता सभासदांनी स्वतः पुष्टी केलेल्या. रजिस्टरशी ताडून पाहा. जुळल्या तर अहवालात 'माहिती अचूक आढळली' असं लिहा, न जुळल्या तर रजिस्टर दुरुस्त करा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे मेसेज याच यादीवर लावून टाका. ३१ मेला सकाळी सात वाजता कुणाचा तरी फोन येईलच: "अहो साहेब, माझा वाढदिवस आज नाही. तसा उद्याही नाही म्हणा." आवाज चढवू नका. फॉर्म तुम्हीच सबमिट केलाय, आमच्याकडे वेळेसकट नोंद आहे, एवढंच सांगा आणि त्यांना दुरुस्ती अर्जाची लिंक पाठवा. त्यात चुकीची तारीख आधीच भरलेली असेल याची काळजी घ्या.