समाजशास्त्र घेतलं म्हणून लेकीला नावं ठेवू नका

शेजारच्या काकूंची लेक यंदा बारावी झाली, बीएला समाजशास्त्र घ्यायचं म्हणायली, तर दोन दिवस झाले घरात नुसती कटकट. मामा म्हणतो त्याला काय किंमत, गाईड वाचून सगळे पास होतेत. शेवटी काकू माझ्याकडं आल्या, तू तर तेच केलंस ना बाई, तुला काय मिळालं सांग. त्यांना बोलले तेच इथं लिहायलेय, कारण दरवर्षी जूनमध्ये बीड, परभणी, लातूरकडं कितीतरी घरात हेच चालू असतं.

मला काय मिळालं ते पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. वर्गात नुसत्या नोट्स उतरवून घ्यायच्या. डर्कहाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा धडा आला, त्यानं १८९७ ला आत्महत्येवर केलेला अभ्यास, लिहा, प्रकार चार, अहंवादी, परार्थवादी... आणि माझ्या मागच्या बाकावर जो पोरगा होता त्याच्या बापानं दोन वर्षांपूर्वी कापसावर मारायचं औषध पिलं होतं, सगळ्या वर्गाला माहीत होतं. तोही मान खाली घालून लिहीत होता. पाच मार्कांची टीप! अरे डर्कहाइमचं म्हणणंच हे होतं की माणूस एकटा मरतो असं दिसतं, पण कुठल्या समाजात किती जण असे जातात तो आकडा वर्षानुवर्षं जवळपास तसाच राहतो, म्हणजे कारण नुसतं त्या माणसाच्या डोक्यात नसतं, त्याच्या भोवतालीही असतं. एवढं त्या पोराला कुणी समोर बसवून सांगितलं असतं तर बापाला भित्रा म्हणायचं त्यानं सोडलं असतं. मला अजून राग येतो त्याचा. विषयाचा नाही, तो असा उरकण्याचा.

थर्ड इयरला प्रोजेक्ट होता, आपल्याच गावात प्रश्नावली भरून आणायची. मी पहिली मावशीकडं गेले. व्यवसायाचा रकाना आला तर मावशी म्हणे, मला कशाचा आलाय धंदा, मी घरीच असते, घरकाम लिव्ह. दिवाळीच्या आगंमागं ही बाई दरसाल साखर कारखान्याला ऊस तोडायला जाते, पहाटं चारला उसाच्या फडात, मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपर्यंत वाहायच्या, पाच-सहा महिने, तळहाताला कोयत्याचे घट्टे तिथंच माझ्यासमोर दिसत होते. नवराबायकोची जोडी मिळून एकच 'कोयता' मोजतेत, उचल म्हणजे आगाऊ पैसे नवऱ्याच्या हातात, मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. तिच्या कामाला कुठंच नाव नाही, म्हणून तिलाही ते काम वाटेना. मी सुट्टीला तिच्याकडंच राहायचे, लहानपणापासून हे बघत होते, पण दिसलं त्या दिवशी.

आणि लग्नाचंही तसंच. बाबासाहेबांनी १९१६ ला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला की जातीतल्या जातीत लग्न यावरच जात उभी आहे. आम्ही हे शिकत होतो तेव्हा आमच्यातल्या कितीतरी पोरींचे बायोडाटे घरी तयार होत होते, वर पोटजात आधी, शिक्षण नंतर.

नोकरीचं विचाराल तर अवघडच आहे, खोटं बोलणार नाही, पण ती आमच्याकडं कोणत्या बीएला लगेच लागते?

मावशीच्या फॉर्मवर मी घरकाम खोडून ऊसतोडणी कामगार लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. ती जरा वेळ गप बसली, मग म्हणली, पुन्हा वाच बरं.

काकूंना सांगितलंय, सोमवारी लेकीला पाठवा, तिच्यासोबत फॉर्म भरायला मी जाते.