ठेका देणार कोण

मामाचा ऑर्केस्ट्रा बंद पडला, मग त्याने दुबईहून आणलेलं रोलँड टीआर-६०६ हे ड्रम मशीन (ठेका वाजवणारं यंत्र) माळ्यावर गेलं आणि परवा मामीने माळा आवरायला काढल्यावर ते माझ्या गळ्यात पडलं. हे मॉडेल आलं १९८१ ला, म्हणजे वयाने माझ्यापेक्षा मोठं, त्यामुळे चुकून धक्का लागला तरी मी पाया पडतो. आत रेकॉर्ड केलेला एकही आवाज नाही, बास ड्रम, स्नेअर (तो कडक वाजणारा ड्रम), हायहॅट (झांजांची जोडी) सगळं सर्किटच तिथल्या तिथे तयार करतं. खाली ओळीत सोळा बटणं, जिथे ठोका हवा ते दाबायचं, दिवा लागतो, झालं.

पाचवं सोडून. ते दाबलं की दिवा लागायचा आणि लगेच विझायचा, कारण आतला कॉन्टॅक्ट काळा पडलेला आणि मी एकदा दाबलं तरी मशीन दोनदा धरायचं, पहिल्याने ठोका लागला, दुसऱ्याने पुसला. आणि पाचवं म्हणजे नेमकी स्नेअरची जागा! ठेका सगळा चिवड्यातून शेंगदाणे काढून घेतल्यासारखा.

पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो, तसलं छोटं बटण मागितलं. दुकानदार म्हणाला, "टॅक्ट स्विच? हाइट किती?" आता बटणाची हाइट कोण मोजतं? मी बोटांनी दाखवली. "मिक्सरचं आहे का?" म्हटलं, ड्रमचं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गपचूप तीन हाइटची पाच-पाच घेऊन निघालो. (याच्या मोठ्या भावात, ८०८ मध्ये, कंपनीने सदोष म्हणून बाजूला काढलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम वापरले होते, त्यातून तो चुरचुरीत आवाज यायचा, हे त्याला सांगायचं फार मनात होतं, पण मागे रांग होती.)

रात्री दीडला बटण बदललं, सोल्डरिंगचा एक थेंब मांडीवर घेऊन. सकाळी स्टार्ट दाबलं तर दिवे लागतायत, ठेका काही सुरू होईना. परत उघडलं. याला ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो, तो मल्टिमीटर लावून दोनदा बघितला. स्टार्टचं बटणही बदललं, सोल्डर केलेलं सगळं परत तापवलं, रविवार गेला, जेवण गार झालं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अरे, सकाळी पुसताना मागचं एक छोटंसं बटण सरकलं होतं, चालतं ना?"

सिंकचं, म्हणजे दोन मशीनची लय जुळवायचं बटण. 'आउट' वरून 'इन' वर. म्हणजे बाहेरून दुसऱ्या मशीनने ठेका दिल्याशिवाय हे सुरूच होणार नाही, वरातीला आलेल्या जावयासारखं आग्रहाची वाट बघत बसलेलं. सरकवलं, दाबलं, धडाधड सुरू.

"पण असलं बटण ठेवतात कशाला?"

मी उत्साहात समजावलं की ३०३ म्हणून याच्या जोडीचं बेसचं मशीन असतं, वायरने जोडलं की दोघं एका लयीत वाजतात.

"म्हणजे आता ते पण येणार?"

३०३ चा आजचा भाव मला माहीत आहे. मी मांडीला बर्नोल लावायला आत गेलो.