थांबा, पाणी पिते

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये मी प्रीस्ट आहे म्हटलं की न खेळणारे विचारतात, "म्हणजे पूजा सांगतेस का?" आणि खेळणारे म्हणतात, "अच्छा, हीलर. सोपंय मग." पहिल्यांना मी चहा पाजते. ही पोस्ट दुसऱ्यांसाठी.

ऑगस्ट २०१९ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं जुनं रूप 'क्लासिक' नावाने पुन्हा सुरू झालं, तेव्हा आम्हा चुलत-मावस भावंडांचा गट जमला. डंजनमध्ये, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या भुयारात, पाच जण लागतात. मार खाणारा एक टँक, मार देणारे तिघं आणि सगळ्यांना जिवंत ठेवणारा एक हीलर. "हीलर ताई घेईल," हे मला न विचारताच ठरलं. का ठरलं ते लिहीत बसत नाही. आमच्याकडे शेतातल्या भरीत पार्टीला काड्यांच्या जाळावर वांगी भाजायचा मान कोणाचा आणि शंभर पुऱ्या लाटायला कोण, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल.

पहिला मोठा डंजन डेडमाइन्स. तिथे मी सगळ्यांना मारलं. खरंच. कोणाचं रक्त, म्हणजे जीव दाखवणारा पट्टा, जरा उतरलं की मी लगेच हील. टँकला हील, मॅजला, म्हणजे आमच्या जादूगाराला, हील, ज्याला नुसतं खरचटलं त्यालाही हील. तिसऱ्या खोलीपर्यंत माझा निळा पट्टा, म्हणजे मंत्र टाकायला लागणारी शक्ती, मॅना, कोरडा. समोर चार जण तलवारी घेऊन उभे आणि माझ्या हातात काही नाही. टँक पडला, मग आम्ही रांगेने पडलो. पुण्याचा चुलतभाऊ हेडफोनमध्ये ओरडतोय, "ताई, हील दे ना भो!" काय देऊ, राख?

त्या सुट्टीत मी यावल तालुक्यातल्या घरी होते. मागे उभं राहून अप्पा बघत होते. त्यांनी विचारलं, "हे निळं काय?" मी म्हटलं, "पाणी समजा." ते म्हणाले, "मग मोटर बंद कर. विहीर भरू दे."

अप्पांना गेमचं काही कळत नाही, पण नेमकं तेच सांगितलं त्यांनी. क्लासिकमध्ये नियम असा की मॅना खर्च करून मंत्र टाकला की पुढचे ५ सेकंद स्पिरिट नावाच्या गुणामुळे आपोआप भरणारा मॅना थांबतो. ५ सेकंद हात आवरला की झरा पुन्हा सुरू. मेमध्ये विहीर तासाभरात उपसते, मग मोटर बंद करून बसायचं, पाणी चढलं की पुन्हा. जो बसत नाही त्याची मोटर कोरडी चालते आणि जळते. आठ तासांच्या लाइटीत केळी जगवणाऱ्या घरातल्या पोरीला हे आधीच सुचायला हवं होतं.

मग मी ठिबकवर आले. रिन्यू नावाचा मंत्र आहे, एकदा टाकला की १५ सेकंद, दर ३ सेकंदांनी थोडं थोडं रक्त भरतो. फ्लॅश हील म्हणजे मोकाट पाणी, झटपट पण मॅना खाणारं. टँकचं रक्त भरलेलं असताना वरून हील ओतलं तर ते भरल्या वाफ्यात पाणी सोडल्यासारखं, बांधावरून वाहून जातं. त्याला ओव्हरहील म्हणतात, आणि त्या आकड्यांवर मिरवणारे हीलर मी पाहिलेत. मोठी लेव्हल झाल्यावरही जुने प्रीस्ट मुद्दाम मंत्राची खालची, स्वस्तातली रँक वापरतात. मधल्या वेळात हातातली कांडी चालवायची, तिला मॅना लागत नाही.

तर माझं मत असं की चांगला प्रीस्ट कंजूष असतो. टँकचं रक्त अर्ध्यावर येईपर्यंत बघत बसायला जी छाती लागते, ती तलवार फिरवायला लागत नाही. मी एकदा मॅजला मरू दिलंय, ठरवून. एकाच हीलपुरता मॅना उरला होता. मॅजने टँकच्या आधीच आग ओकून सगळी जनावरं अंगावर घेतली होती. टँक गेला असता तर पाचही जण गेले असते. हील टँकला दिलं, लढाई जिंकली, मग मॅजला मंत्राने उठवलं. हा मॅज म्हणजे माझा सख्खा भाऊ. दोन दिवस बोलला नाही, आणि आईकडे तक्रार केली ती वेगळीच. आईने विचारलं, "जेवला का तो?"

लढाई संपली की खाली बसून पाणी प्यायचं, मॅना भरतो. मॅजच ते पाणी मंत्राने तयार करून देतो, म्हणून मी त्याच्याशी फार वाईट वागत नाही. पण सगळ्यात वाईट जात म्हणजे मी पाणी पीत असताना पुढची खोली उघडणारा टँक. "थांबा, पाणी पिते," हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय की आता एका बटणावर ठेवलंय. ४५ डिग्रीत उन्हातून आलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी पाण्यावरून उठवत नाही. इथे उठवतात.

रविवारी रात्री दहाला पुन्हा जातोय, लाइट राहिली तर. चौघं आहोत, टँक हवाय. लेव्हल कमी असली तरी चालेल, फक्त माझा निळा पट्टा बघून पुढे जाणारा हवा. भाऊ मॅजच आहे, आधीच सांगून ठेवते.