पावसाळा वगळून केलेली पाहणी

इंग्लंडमध्ये घरं बांधायची परवानगी मागताना जागेजवळ तळं असेल, तर त्यात ग्रेट क्रेस्टेड न्यूट हा पालीसारखा दिसणारा उभयचर आहे का, हे बहुतेक वेळा आधी तपासावं लागतं. पाण्यातल्या डीएनएवरून तपासायचं तर नमुना १५ एप्रिल ते ३० जून याच काळातला चालतो. काठाकाठाने वीस ठिकाणचं पाणी घ्यायचं, एकत्र करून हलवायचं आणि अल्कोहोल घातलेल्या सहा नळ्यांत प्रत्येकी १५ मिलीलिटर भरायचं. तळ्यात पाय घालायचा नाही. गाळ ढवळला की त्यात दबलेला जुना डीएनए वर येतो आणि आज तिथे नसलेला प्राणीसुद्धा ‘आहे’ असा निकाल येतो. वटवाघळांचंही तसंच: मे ते सप्टेंबर, सूर्यास्ताच्या आधी पंधरा मिनिटांपासून पुढे दीड-दोन तास, इमारतीच्या फटींवर नजर ठेवून. मुदत हुकली की बिल्डरला बहुधा पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. तो चरफडतो, पण पाहणीचा महिना त्या प्राण्याच्या जगण्यावरून ठरतो, हे तिथे कुणी नाकारत नाही.

आपल्याकडे विदर्भात खाण आली की वाद पेटतो तो ‘रोजगार हवा की वाघ’ असा. पाहणी कोणत्या महिन्यात झाली, हे क्वचितच कुणी विचारतं. खाणीच्या पर्यावरण अहवालासाठी दिल्या जाणाऱ्या ठरावीक अटींमध्ये एका हंगामाची माहिती मागतात, आणि तीही पावसाळा वगळून. हवेच्या मोजमापासाठी हे बरोबर आहे. पावसात धूळ बसते, आकडे कमी येतात आणि प्रदूषण आहे त्यापेक्षा कमी दिसतं. पण तीच अट वनस्पती आणि प्राण्यांनाही लागू होते, आणि तिथे ती पार उलटी पडते.

अकोला-वाशीमच्या माळरानांवरचा तणमोर घ्या. पावसाळ्यात नर गवताच्या वर उंच उड्या मारतो, म्हणून तो दिसतो. एरवी हा पक्षी गवतात असा दडतो की शेजारून गेलं तरी कळत नाही. गोंदियाचा सारस घरटं करतो तो धानाच्या बांध्यांत आणि बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या काठी, तेही पावसाळ्यातच. पहिल्या दमदार पावसानंतरच्या दोन-चार दिवसांत मोठे बेडूक पिवळेधमक होऊन डबक्यांत जमतात. माळावरचं गवत फुलोऱ्यावर आल्याशिवाय नीट ओळखता येत नाही. मार्च ते मे या काळातल्या पाहणीत यातलं जवळजवळ काहीच येत नाही. मग अहवालात ‘विरळ गवत, झुडपे, सामान्य पक्षी’ एवढंच उरतं. लिहिणारा खोटं बोलत नसतो, त्याला पाठवलेलंच चुकीच्या महिन्यात असतं.

‘हे गोऱ्या देशांचे चोचले’ असं म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे. तिथली पद्धत जशीच्या तशी इथे आणणं धोक्याचं ठरेल. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना जैवविविधतेत १० टक्के वाढ दाखवावी लागते आणि ती ३० वर्षं टिकवावी लागते. जागेवर जमलं नाही तर दुसरीकडची वाढ विकत घेता येते. आपल्याकडे भरपाई म्हटलं की झाडं लावली जातात, अन् ती बरेचदा माळरानावरच! मोकळ्या गवतात राहणाऱ्या पक्ष्यासाठी ते रोपवन म्हणजे गेलेली जमीनच.

सौर प्रकल्पांना तर २००६ ची पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना लागूच नाही. म्हणजे अहवाल नाही आणि जनसुनावणीही नाही. शेतीला दिवसा वीज देणाऱ्या योजनेसाठी गावोगावची गायरानं मागितली जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सातबाऱ्यावर ‘पडीक’ म्हणून नोंदलेली ई-क्लास, म्हणजे गावच्या गुरचराईची सरकारी जमीन कुणी जुलैत एकदा फिरून पाहिलेली असावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

जिथे जनसुनावणी होते, तिथे ३० दिवस आधी नोटीस निघते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. सारांशावर थांबू नका, मसुदा मागवा आणि प्राण्यांचा तक्ता उघडा. प्रत्येक नोंदीसमोर तारीख, वेळ आणि ठिकाण आहे का ते पाहा. नुसती नावांची यादी असेल तर ती जागेवर केली की पुस्तकातून उतरवली, हे सांगता येत नाही, आणि तसं लेखी हरकतीत लिहा. पाहणी रात्री झाली का, तेही विचारा. बेडूक, घुबडं दिवसा कुणाला दिसणार?

ग्रामपंचायतीच्या हातातही एक साधन आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावाला समिती दिली आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही दिली. अनेक गावांत ती औषधी झाडांच्या यादीवर थांबली आहे. तिला तीन रकाने जोडा: महिना, गट नंबर, पाहणाऱ्याचं नाव. गुराख्याला आणि फासेपारध्याला तणमोर जमिनीच्या कोणत्या गटात उडतो ते ठाऊक असतं, त्यांना सोबत घ्या. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी एक सकाळची फेरी, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत. जोरदार पावसानंतर एक रात्रीची फेरी, निव्वळ आवाज ऐकायला. हिवाळ्यात एक संध्याकाळ, भोवत्या हे शिकारी पक्षी रात्रीच्या मुक्कामाला गवतात कुठे उतरतात ते पाहायला. फोटोत तारीख आणि ठिकाण येईल अशी मोबाइलची सेटिंग आधीच करून ठेवा. मग गायरान देण्याचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा ही पानं ठरावाला जोडून इतिवृत्तात नोंदवून घ्या.